पडद्यावरचा ऑपेरा आणि नाटक: पहिल्यांदा जाताना

कलाकेंद्राच्या महिन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत चित्रपट, चित्रप्रदर्शनं आणि मुलांची शिबिरं यांच्या मध्ये कुठेतरी एक ओळ असते: 'ला बोहेम. थेट प्रक्षेपण. दोन मध्यंतरं.' 'ला बोहेम' हा ऑपेरा आहे, म्हणजे बहुतेक सगळं गाऊन सांगितलेलं नाटक. बरेच जण ती ओळ वाचून पुढे सरकतात. भाषा परकी, गाणं अनोळखी, इतका वेळ बसवेल का, आणि आपण तिथे उपरे तर ठरणार नाही ना, असं सगळं एकदम मनात येतं. त्या ओळीपाशी क्षणभर थांबलेल्या माणसासाठी हा लेख आहे. मी अनेक वर्षं असे खेळ पाहत आलो आहे आणि पहिल्यांदा येणाऱ्या कित्येकांच्या शेजारी बसलो आहे. ज्यांनी पहिला खेळ विचार करून निवडला आणि घरून अर्ध्या तासाची तयारी करून आले, ते बहुतेक सगळे पुन्हा आले. जे नुसतेच येऊन बसले, त्यातले अनेक मध्यंतरात निघून गेले. म्हणून या लेखात निवड आणि तयारी यांनाच सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

१. आपण नेमकं काय पाहणार आहोत

मराठीत नाटकाचा 'प्रयोग' होतो आणि सिनेमाचा 'खेळ'. इथे दोन्ही शब्द लागतात. दूर कुठल्यातरी नाट्यगृहात भरलेल्या प्रेक्षागृहासमोर प्रयोग चालू असतो. तिथे ठिकठिकाणी कॅमेरे लावलेले असतात, ते चित्रण उपग्रहावरून आपल्या केंद्रापर्यंत येतं आणि मोठ्या पडद्यावर त्याचा खेळ होतो. लंडनमधली नटी वाक्य विसरली, तर ते तुम्हाला त्याच क्षणी कळतं. ती स्वतःला कशी सावरते, तेही दिसतं.

ही पद्धत फार जुनी नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराने (थोडक्यात 'मेट') ३० डिसेंबर २००६ रोजी मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'ची इंग्रजीत केलेली छोटी आवृत्ती चित्रपटगृहांत थेट दाखवली आणि तिथून 'मेट लाइव्ह इन एचडी' ही मालिका सुरू झाली. या संस्थेला दुरून ऐकवण्याची सवय आधीपासूनच होती. १९३१ च्या नाताळात तिने 'हॅन्सेल अँड ग्रेटेल' रेडिओवरून पूर्ण ऐकवला होता. नाटकाच्या बाजूने लंडनच्या नॅशनल थिएटरने जून २००९ मध्ये 'फेद्र' या नाटकापासून 'नॅशनल थिएटर लाइव्ह' सुरू केलं. त्यात हेलन मिरेन मुख्य भूमिकेत होत्या. रॉयल शेक्सपिअर कंपनीने नोव्हेंबर २०१३ मध्ये डेव्हिड टेनंट यांची मुख्य भूमिका असलेल्या 'रिचर्ड द सेकंड'ने सुरुवात केली. लंडनचं रॉयल ऑपेरा हाउस, पॅरिसची कोमेदी फ्राँसेज अशा इतर संस्थाही आपापले प्रयोग पडद्यावर आणतात.

जाहिरातीत दोन शब्द नीट पाहून घ्या. 'थेट' म्हणजे प्रयोग आणि खेळ एकाच वेळी. 'एन्कोर' म्हणजे आधी झालेल्या प्रक्षेपणाचं ध्वनिचित्रमुद्रण पुन्हा दाखवणं. एन्कोर म्हणजे उरलंसुरलं, असं समजू नका. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी उलट एन्कोरच सुचवतो. त्यात सिग्नल तुटण्याची भीती नसते, वेळ सोयीची असते आणि त्या प्रयोगाबद्दल लोकांनी काय लिहिलंय, ते आधी वाचता येतं. थेट प्रक्षेपणाची गंमत वेगळी आहे, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला जास्त कळते.

२. पहिला ऑपेरा कसा निवडायचा

माझी सुरुवात वाग्नर या जर्मन संगीतकारापासून झाली. त्याच्या 'डी वाल्क्युरे'च्या दुसऱ्या अंकात वोटान हा देव आपल्या मुलीला सगळी पूर्वकथा सांगत राहतो, आणि त्या लांबलचक निवेदनात माझा धागा पूर्ण सुटला. आज तोच प्रसंग मला अतिशय जवळचा वाटतो, पण तिथवर पोहोचायला मला फार वर्षं लागली. वाग्नरची 'रिंग' ही चार ऑपेरांची मालिका मिळून साधारण १५ तासांचं संगीत होतं. ती नंतरसाठी ठेवा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने विचारलं, की मी पुच्चिनीचा 'ला बोहेम' सांगतो. अंक चार, पण संगीत दोन तासांच्या आत संपतं. पॅरिसमधले चार गरीब तरुण, थंडीत पेटवायला लाकूड नाही म्हणून स्वतःच्या नाटकाचं हस्तलिखित शेगडीत घालणारा कवी, शेजारची आजारी मुलगी, आणि विझलेली मेणबत्ती पेटवून घेण्याच्या निमित्ताने झालेली ओळख. एवढीच गोष्ट आहे. ती समजायला कुठलीही पार्श्वभूमी लागत नाही. १ फेब्रुवारी १८९६ रोजी तुरिनला याचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा वाद्यवृंदाचं संचालन करणारा आर्तुरो तोस्कानिनी अवघा २८ वर्षांचा होता. ही तारुण्याची गोष्ट आहे हे ऐकताना सतत जाणवतं.

'कार्मेन'ही चांगली निवड आहे, कारण त्यातल्या दोन-तीन चाली तुम्ही नकळत आधीच ऐकलेल्या असतात. बिझेचा हा ऑपेरा ३ मार्च १८७५ ला पॅरिसमध्ये रंगमंचावर आला. समीक्षकांनी त्याला झोडपलं, आणि बरोबर तीन महिन्यांनी, वयाच्या ३६ व्या वर्षी बिझे गेला. आपली रचना जगभर गायली जाईल हे त्याला कळलंच नाही. पहिल्या अंकातलं कार्मेनचं 'हाबानेरा' हे गाणं सुरू झालं की हे मला दर वेळी आठवतं.

ज्यांना रहस्यकथेचा वेग आवडतो, त्यांनी 'तोस्का' पाहावा. इसवी सन १८०० मधला जून महिना, रोम शहर, आणि एका दिवसाच्या आत सगळी कथा. चर्च, राजवाडा आणि किल्ला ही तिन्ही ठिकाणं रोममध्ये आजही उभी आहेत. हसायचं असेल तर रॉसिनीचा 'बार्बर ऑफ सेव्हिल'. मुलांना बरोबर न्यायचं असेल तर 'मॅजिक फ्लूट'. त्यात गाण्यांच्या मध्ये साधे बोललेले संवाद असतात, त्यामुळे मुलांच्या हातून गोष्ट सुटत नाही. रात्रीच्या राणीचं गाणं इतक्या वरच्या सुरांत जातं की चुळबुळणारं मूलही गप्प होतं.

कालावधी वाचताना तो मध्यंतरं धरून दिलाय का, हे पाहा. चार तास लिहिलेल्या खेळात प्रत्यक्ष गाणं तीन तासांचं असू शकतं.

३. पहिलं नाटक कसं निवडायचं

नाटकाची अडचण वेगळी आहे. ऑपेराला पडद्यावर खाली उपशीर्षकं असतात. इंग्रजी नाटकाच्या प्रक्षेपणाला बहुतेक वेळा नसतात. काही खेळ खास उपशीर्षकांसह दाखवले जातात, ते आहेत का हे केंद्रात विचारा. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी ते असतातच, पण ज्याची ती भाषा नाही त्यालाही त्यांचा मोठा आधार होतो.

शेक्सपिअर निवडत असाल तर गोष्ट पाठ असलेलं नाटक घ्या. चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कानाला पहिली पंधरा-वीस मिनिटं झगडायला लावते, मग कान बसतो. त्या वीस मिनिटांत कोण कुणाचा कोण, हे शोधत बसावं लागलं तर मात्र सगळंच निसटतं.

नवं नाटक निवडायला हरकत नाही, पण विषय आधी वाचा. २०२२ मध्ये 'नॅशनल थिएटर लाइव्ह'ने दाखवलेलं 'प्रायमा फेसी' हे एकपात्री नाटक लैंगिक अत्याचार आणि न्यायालय यांच्याविषयी आहे. जोडी कोमर हिने ते एकटीने पेललंय, आणि मी पाहिलेल्या उत्तम खेळांपैकी ते एक आहे. पण असा विषय समोर येणार हे ठाऊक नसताना कुणी तिथे जाऊन बसू नये. केंद्राच्या पत्रकात अशी सूचना सहसा बारीक अक्षरांत असते.

एकच नाटक दोनदा पाहायची संधी मिळाली तर जरूर घ्या. २०११ मध्ये डॅनी बॉइल यांनी बसवलेल्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅच आणि जॉनी ली मिलर हे दोघे वैज्ञानिक आणि त्याने निर्माण केलेला जीव या भूमिका आलटून पालटून करत. दोन्ही जोड्यांचं चित्रण झालं आणि दोन्ही पडद्यावर आली. शब्द तेच, हालचाली बऱ्याचशा त्याच, आणि तरी एकीत दया येते आणि दुसरीत धडकी भरते. नट म्हणजे काय, हे मला त्या दोन रात्रींत जितकं कळलं तितकं वाचून कधी कळलं नव्हतं.

४. घरची अर्ध्या तासाची तयारी

पहिली दहा मिनिटं कथानकाला द्या, आणि ते शेवटापर्यंत वाचा. शेवट कळला तर मजा जाईल, ही भीती ऑपेराच्या बाबतीत सोडून द्यावी. 'ला त्राव्हियाता' या ऑपेरातली नायिका व्हायोलेता शेवटी मरणार हे सगळ्या प्रेक्षागृहाला माहीत असतं. ती पहिल्या अंकात पेला उंचावून गाते, तेव्हा तिला स्वतःला ते किती माहीत आहे, हे पाहायला लोक येतात. गोष्ट डोक्यात असली की डोळे उपशीर्षकांना खिळून राहत नाहीत.

पुढची पाच मिनिटं पात्रांची नावं आणि त्यांचे आवाज यांना. साधारण ठोकताळा असा: नायिका सोप्रानो, म्हणजे स्त्रीचा उंच आवाज. नायक टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच आवाज. त्यांच्या आड येणारा बाप, प्रतिस्पर्धी किंवा खलनायक बॅरिटोन, म्हणजे पुरुषाचा मधला आवाज. राजे, पुरोहित आणि म्हातारे बास, म्हणजे सगळ्यात खर्जातला आवाज. मैत्रीण, दासी, जादूगारीण किंवा मोहिनी घालणारी स्त्री बऱ्याचदा मेझो-सोप्रानो, म्हणजे सोप्रानोपेक्षा थोडा खालचा स्त्रीचा आवाज. कार्मेन ही मेझो आहे, आणि तिच्या आवाजातला तो गडदपणाच तिचं अर्धं व्यक्तिमत्त्व आहे. एवढं ठाऊक असलं की पडदा उघडल्यावर वेशभूषेत माणूस ओळखू आला नाही तरी आवाजावरून कळतो.

उरलेली पंधरा मिनिटं ऐकण्यात घालवा. त्या ऑपेरातली दोन गाणी शोधून प्रत्येकी दोन-तीनदा ऐका. एकल गाण्याला आरिया म्हणतात, आणि आरियांच्या मधल्या बोलल्यासारख्या गायनाला रेसिटेटिव्ह. गोष्ट पुढे सरकते ती रेसिटेटिव्हमध्ये. आरियात काळ थांबतो आणि एकच भावना उलगडत जाते. 'हे पुढे का जात नाही?' असं ज्यांना वाटतं, त्यांना हा फरक कुणी सांगितलेला नसतो. आधी ऐकलेली आरिया प्रत्यक्ष खेळात आली की गर्दीत ओळखीचा चेहरा दिसावा तसं होतं.

सगळा ऑपेरा आधी ऐकून जाऊ नका. दोन गाणी पुरेत.

५. तिकीट, वेळ आणि जागा

थेट प्रक्षेपणाची वेळ आपलं केंद्र ठरवत नाही, ते दूरचं नाट्यगृह ठरवतं. मेटची प्रक्षेपणं बहुधा शनिवारी दुपारच्या प्रयोगाची असतात, म्हणजे न्यूयॉर्कला दुपार असते तेव्हा युरोपात संध्याकाळ असते. अमेरिका आणि युरोप वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करतात, पण एकाच तारखेला नाही. मार्च महिन्यात, आणि पुन्हा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला, काही दिवस नेहमीचा हिशेब तासाभराने चुकतो. त्या दिवसांत तिकिटावरची वेळ दोनदा वाचा. मागच्या महिन्यात अमुक वाजता होता म्हणून आजही तेव्हाच, असं गृहीत धरू नका.

थेट खेळ कुणासाठी थांबत नाही. केंद्रातल्या माणसांची कितीही इच्छा असली तरी ते तो पाच मिनिटं पुढे ढकलू शकत नाहीत. वीस मिनिटं आधी पोहोचा. पडद्यावर आधीच त्या दूरच्या प्रेक्षागृहाचं दृश्य सुरू असतं. लोक खुर्च्या शोधतायत, वादक आपापली वाद्यं जुळवतायत. मला ती मिनिटं फार आवडतात. दोन प्रेक्षागृहं एकमेकांसमोर बसून एकाच पडद्याची वाट पाहतात.

जागेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. मोठ्या चित्रपटगृहात खुर्च्या उतरत्या असतात. छोट्या कलाकेंद्रात पुष्कळदा सपाट जमिनीवर खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि उपशीर्षकं पडद्याच्या अगदी खालच्या कडेला येतात. पुढच्या माणसाचं डोकं नेमकं तिथेच आडवं येतं. अशा दालनात मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची घ्या, किंवा जिच्यापुढे मोकळी जागा सोडलेली आहे ती. अगदी पुढची रांग टाळा. तिथून एका नजरेत पूर्ण रंगमंच मावत नाही आणि मान दुखते. दालनाच्या लांबीच्या दोन-तृतीयांश मागे, मध्याजवळ, आवाजही सगळ्यात सारखा येतो. चाकाच्या खुर्चीची सोय, श्रवणयंत्रासाठीची व्यवस्था यांची चौकशी तिकीट काढतानाच करा. आयत्या वेळी रांगा हलवणं कठीण जातं.

कपडे रोजचेच घाला. दालन थंड असेल तर अंगावर घ्यायला काहीतरी असू द्या.

६. पाहायचं कसं

सुरुवातीला थोडं अवघडल्यासारखं होईल, विशेषतः नाटकात. प्रत्यक्षात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून नटाने मोठा ठेवलेला आवाज आणि अभिनय, आणि कॅमेरा मात्र त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. सिनेमाची सवय असलेल्या डोळ्याला ते भडक वाटतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा. हा नट आपल्याशी नाही, आपल्या मागे बसलेल्या शेकडो माणसांशी बोलतोय, असं मनाशी धरा. मग माप बरोबर बसतं.

पुष्कळ ऑपेरांत सुरुवातीला फक्त वाद्यवृंद वाजतो. त्याला ओव्हर्चर म्हणतात. तेव्हा गप्पा मारू नका, कारण खेळ सुरू झालेला असतो. पुढे येणाऱ्या कितीतरी चाली बऱ्याचदा त्यात पेरलेल्या असतात.

उपशीर्षकांची एक युक्ती मी प्रत्येकाला सांगतो. आरियात तीच ओळ पुन्हा पुन्हा येते. पहिल्यांदा ती वाचा, आणि नंतर खाली पाहूच नका. गाणाऱ्याच्या चेहऱ्याकडे, हातांकडे, समोर उभं राहून ऐकणाऱ्या दुसऱ्या पात्राकडे पाहा. ऑपेरात ऐकणाऱ्याचा अभिनय अनेकदा गाणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो.

चारचौघे एकदम वेगवेगळं गातात तेव्हा मजकूर पकडायचा प्रयत्न सोडून द्या. व्हेर्दीच्या 'रिगोलेत्तो'च्या शेवटच्या अंकात अशी चौकडी आहे. सराईच्या आत सरदार एका बाईला मोहवतोय, ती त्याला हसून उडवतेय, बाहेर अंधारात त्याच्यावर जीव लावलेली मुलगी ते ऐकून कोसळतेय, आणि तिचा बाप सूड घ्यायची शपथ घेतोय. चार मनं, चार ओळी, आणि सगळं एका सुरावटीत. बोललेल्या नाटकात चौघे एकदम बोलले तर गोंगाट होईल. संगीतात ते शक्य होतं. ऑपेरा हा प्रकार मुळात का आहे, याचं उत्तर मला त्या काही मिनिटांत मिळालं.

पडदा काय देतो आणि काय काढून घेतो, हे माहीत असणं बरं. तो चेहरा देतो. मेटच्या साधारण ३,८०० खुर्च्यांच्या प्रेक्षागृहात वरच्या मजल्यावर बसलेल्या माणसाला गायिकेच्या डोळ्यांतलं पाणी कधीच दिसत नाही, तुम्हाला दिसतं. बदल्यात तुमची नजर कॅमेऱ्याच्या हाती जाते. कुणाकडे पाहायचं, हे चित्रण दिग्दर्शक ठरवतो. ऑपेराच्या चित्रणात स्वरलिपी समोर ठेवून, कुठल्या मात्रेला कुठला कॅमेरा, हे आधीच आखलेलं असतं. तरी कधी चेहरा जवळून दाखवण्याच्या नादात मागे घडणारं महत्त्वाचं काही सुटतं. पूर्ण रंगमंच दिसेल तेव्हा डोळे भरून पाहून घ्या. नेपथ्य आणि प्रकाशयोजना तेव्हाच नीट कळते.

आवाजाचंही तसंच आहे. ऑपेरातले गायक ध्वनिक्षेपकाशिवाय गातात. मोठ्या वाद्यवृंदाला ओलांडून एकट्या गळ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, त्याचं कारण निव्वळ जोर नव्हे. वाद्यवृंदाची ताकद ५०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास सगळ्यात जास्त असते आणि वर ती कमी होत जाते. तयारीचा गळा, विशेषतः पुरुष गायकाचा, ३,००० हर्ट्झच्या जवळपास विशेष तेज निर्माण करतो. आपला कानही त्याच पट्ट्यात फार संवेदनशील असतो. वाद्यांच्या गर्दीत गायकाला तिथे मोकळी वाट सापडते. खेळात मात्र हा आवाज मायक्रोफोनने टिपून स्पीकरमधून येतो, त्यामुळे लहान आणि मोठ्या आवाजांमधलं अंतर कमी होतं. पडद्यावर दोन टेनर सारखेच भरदार वाटले, तरी प्रत्यक्षात ते तसे असतीलच असं नाही.

टाळ्यांबद्दल पुष्कळ जण विचारतात. दूरचा प्रेक्षक टाळ्या वाजवतो तेव्हा आपल्या दालनात कुणी वाजवतं, कुणी नाही. दोन्ही चालतं. मी वाजवतो. गायकाला ते ऐकू जात नाही हे मला माहीत आहे, पण शेजारच्याला जातं.

७. मध्यंतर

नाटकात मध्यंतर एक असतं आणि काही नाटकांत तेही नसतं. ऑपेरात एक किंवा दोन, आणि ती लांब असतात. मेटच्या प्रक्षेपणात मध्यंतराचा वेळ वाया जाऊ देत नाहीत. बहुधा एखादी नामवंत गायिका किंवा गायकच सूत्रसंचालन करतो आणि विंगेतच, धाप लागलेल्या सहकलाकाराला गाठून बोलतो. मागे रंगमंचकामगार अख्खं शहर उतरवून दुसरं उभं करत असतात. फ्रांको झेफिरेली यांनी १९८१ मध्ये मेटसाठी बसवलेला 'ला बोहेम' अजून चालतो. त्याच्या दुसऱ्या अंकात पॅरिसचा गजबजलेला चौक आहे आणि रंगमंचावर दोनशेच्या वर माणसं असतात. ते सगळं कसं जागेवर येतं, हे प्रत्यक्ष नाट्यगृहात बसलेल्यांना दिसत नाही. तुम्हाला दिसतं.

म्हणून पाय मोकळे करायला जा, पण सगळं मध्यंतर बाहेर घालवू नका. परत कधी यायचं हे दारातल्या स्वयंसेवकाला विचारून ठेवा.

८. काही बिघडलं तर

थेट प्रक्षेपणात कधीतरी चित्र गोठतं किंवा चौकटी-चौकटींत फुटतं. मोठा पाऊस हे एक नेहमीचं कारण आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात. हे बहुधा काही सेकंदांचं असतं, म्हणून लगेच उठू नका. मिनिटभराने मागच्या बाजूला बसलेल्या स्वयंसेवकाकडे जाऊन हळू आवाजात सांगा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील, उपशीर्षकं दिसत नसतील, किंवा आवाज फार मोठा अथवा बारीक असेल, तर मात्र वाट पाहू नका. या गोष्टी आपोआप सुधारत नाहीत आणि केंद्रातूनच दुरुस्त होतात. यंत्रांपाशी बसलेल्या माणसाला पडद्यासमोरच्या खुर्चीतला आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे त्याला तुमच्या सांगण्याची गरज असते. सगळे जण 'दुसरं कुणी सांगेल' म्हणून अर्धा अंक सहन करतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

निसटलेला भाग थेट खेळात परत मिळत नाही. एन्कोर आहे का, त्या तिकिटावर येता येईल का, हे खेळ संपल्यावर विचारा.

एकदा 'ला त्राव्हियाता'च्या शेवटच्या अंकात, व्हायोलेता पत्र वाचत असताना, आमच्या दालनातला पडदा काळा झाला. दोन-तीन मिनिटं काहीच नव्हतं. मग मागून एका वयस्क बाईंचा आवाज आला. पत्रात काय लिहिलंय, हे त्या सांगू लागल्या: तिच्या प्रियकराच्या, आल्फ्रेदोच्या, बापाने त्याला सगळं खरं सांगितलंय, तो माफी मागायला निघालाय, तू स्वतःची काळजी घे. आणि मग त्या म्हणाल्या, 'ती आता म्हणेल, फार उशीर झाला.' चित्र परत आलं तेव्हा ती आरशासमोर उभी होती. त्या बाईंना मी त्याआधी कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

९. खेळ संपल्यावर

प्रयोग संपला की कलाकार नमस्काराला येतात. त्या वेळी उठू नका. मेलेली नायिका हसत पुढे येते, खलनायक तिचा हात धरून वाकतो, संचालक वर येऊन खालच्या वादकांकडे हात करतो. तीन तासांचा ताण तिथे उतरतो. दिवे लागल्यावर दहा मिनिटं रेंगाळा. छोट्या केंद्रात लोक एकमेकांशी बोलतात, आणि नवख्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला तिथली जुनी मंडळी फार उत्सुक असतात. 'मला दुसऱ्या अंकात कंटाळा आला' असं मोकळेपणाने सांगा. बहुतेक वेळा कुणीतरी तिथे काय ऐकायचं ते सांगतं, किंवा त्यालाही तिथेच कंटाळा आला होता असं कळतं.

आवडलेल्या गायकाचं नाव घरी जाऊन लिहून ठेवा. पुढच्या निवडीला त्याचा उपयोग होतो. घरबसल्याही बरंच पाहता येतं. नॅशनल थिएटरने डिसेंबर २०२० मध्ये आपली जालावरची सेवा सुरू केली, आणि मेटचाही ध्वनिचित्रमुद्रणांचा मोठा संग्रह वर्गणी भरून पाहता येतो. पाहिलेला एखादा प्रसंग पुन्हा नीट पाहायला ते उत्तम. पहिली भेट मात्र दालनातच व्हावी, असं माझं मत आहे. घरी फोन वाजला की आपण थांबवतो, आणि एकदा थांबवलेला ऑपेरा बहुधा तिथेच राहतो.

दुसऱ्या वेळी काय पाहायचं? त्याच संगीतकाराचा दुसरा ऑपेरा घ्या, किंवा तोच ऑपेरा दुसऱ्या दिग्दर्शकाने बसवलेला. मी दुसरा मार्ग सुचवतो. गोष्ट आता तुमची झालेली असते, दोन गाणी ओळखीची असतात, आणि त्याच चालीवर एक जण मेणबत्तीच्या उजेडातली खोली उभी करतो तर दुसरा रिकामा पांढरा रंगमंच आणि एक खुर्ची ठेवतो. घरी निघताना पुढच्या महिन्याची कार्यक्रमपत्रिका दाराजवळच्या टेबलावर मिळते.